ताईच्या बुटाचे तीन मिलिमीटर

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन बाजूला ठेवून पत्र लिहायला घेतलं आहे, कारण हल्ली तू एक सांगतेस आणि माझ्या कानात दुसरंच शिरतं. परवा तू बुटाखालचा लाकडी तळ तडकल्याचं सांगितलंस आणि मी तुझं अभिनंदन केलं, असं ही म्हणते. तर ते अभिनंदन मागे घेतो.

बूट बनवणाऱ्या काकांनी दुकान बंद केलं म्हणून हातपाय गाळू नकोस. तुझ्या डाव्या बुटाचा नवा तळ मी करणार. निवृत्तीनंतर मागच्या खोलीत जोडलेला माझा सीएनसी राउटर त्यासाठीच आहे, असं मी घरात जाहीर केलं आहे. संगणकावर आकार काढायचा, फळी टेबलावर आवळायची, की कटर आपोआप फिरून तो कोरतो. अठ्ठावीस मिलिमीटर जाडी माझ्या पक्की लक्षात आहे.

अडचण एकच. फळीचा वरचा भाग नेमका कुठे आहे हे मशीनला दिसत नाही. ते चाचपून कळावं म्हणून टच प्रोब असतो, म्हणजे वायर जोडलेली ॲल्युमिनियमची जाड चकती. ती फळीवर ठेवायची आणि दुसऱ्या वायरचा चिमटा कटरला लावायचा. कटर सावकाश उतरतो, चकतीला टेकला की सर्किट पूर्ण होतं आणि मशीन थांबतं. माझं थांबलं नाही. चकतीत खड्डा पडला आणि कटरचे दोन तुकडे झाले. मी प्रोग्रॅम पुन्हा टाकला, सगळी सेटिंग बदलून पाहिली, विकणाऱ्याला तीन पानी तक्रार लिहिली. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं की वायर तपासा. तीस वर्षं मुलांना वीज शिकवलेल्या माणसाला हे असं उत्तर.

लोभ आहेच, थोडा धीरही धरावा.
तुझा,
मास्तर


९ फेब्रुवारी

चि. मास्तरांस,
अ. उ. आ.

बासष्टाव्या वर्षीही तुला चिरंजीव म्हणणारं कोणीतरी आहे, यात सुख मान.

टेलिफोन खात्यात तक्रारींच्या टेबलावर माझा जन्म गेला. ज्यांना काहीच कळत नसे त्यांचा फोन पाच मिनिटांत सुरू व्हायचा. ज्यांना सगळं कळायचं त्यांना दोन दिवस लागायचे. तेव्हा आता मी सांगते ते निमूटपणे कर. मशीन खाली उतरवूच नकोस. कटर वरच राहू दे, चकती हातात घेऊन त्याला टेकव आणि स्क्रीनवर प्रोबचा दिवा लागतो का बघ. नाही लागला तर चिमटा थेट चकतीला लाव. तेव्हा लागला, तर कटर आणि चिमटा यांच्यात गंज किंवा मळ असेल. तेव्हाही नाही लागला, तर वायर. ती नुसती बघून तपासू नकोस, बाहेरून सगळ्याच ठणठणीत दिसतात. दिव्यावर नजर ठेवून इंच इंच हलव.

माझी घाई नाही. मला कुठे जायचं आहे? वाचनालयाची पुस्तकं शेजारीण बदलून आणते. ती स्वतःच्या आवडीची आणते, त्यामुळे सध्या मी फक्त खुनांच्या गोष्टी वाचते आहे. भावजयीला माझी आठवण सांग. तुझ्यापायी तिला काय सोसावं लागत असेल, याचा मला अंदाज आहे.

आशीर्वाद मागच्यापेक्षा दोन जास्त.
ताई


१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलेल्या दोन्ही चाचण्या केल्या. दिवा लागला नाही. तुझ्या हिशेबाने वायरच तुटलेली, पण मी वायर सरळ धरून मीटर लावला तर ती चक्क शाबूत निघाली. म्हणून मी तो मुद्दा निकाली काढला आणि मशीनचा मुख्य बोर्ड बदलायचं ठरवलं. नव्या बोर्डाची मागणी लिहीत बसलो असताना ही झाडायला आली. चिमटा अजून चकतीलाच लावलेला होता, केरसुणी वायरला लागली आणि स्क्रीनवरचा दिवा लुकलुकला. हिने शांतपणे विचारलं, की इतके दिवस मी वाट पाहत होतो तो हाच दिवा का.

प्लगजवळ वायर आतून तुटली होती. सरळ धरली की टोकं टेकायची, वाकली की सुटायची. ती तुटली कशी, तर काम संपलं की मी ती व्यवस्थितपणाच्या हौसेने घट्ट गुंडाळून ठेवत होतो. विकणाऱ्याला दुसरं पत्र पाठवलं आहे. ते अर्ध्या पानाचंच आहे.

वायरला डाग दिला. खड्डा पडलेली चकती कोपऱ्यावरच्या लेथवाल्याकडून गुळगुळीत करून आणली. आता कटर टेकताक्षणी मशीन हुशार मुलासारखं थांबतं. काल तुझा तळ कोरला, घासला, तेलपाणी केलं. सोबतच्या पार्सलात आहे. दशांश मिलिमीटरची चूक सापडली तरी जरूर कळव.

कौतुक थोडक्यात केलंस तरी चालेल.
मास्तर


२६ फेब्रुवारी

चि. मास्तरांस,
अ. उ. आ.

तळ मिळाला. शेजारणीच्या मुलीने तो बुटाला चिकटवून दिला आणि दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात जाऊन आले, दोन्ही वेळा पायी. तिथल्या बाईंना वाटलं होतं मी गाव सोडलं. आता खरं सांगते, जुना तळ तडकल्यापासून दोन महिन्यांत मी जिना एकदाच उतरले. तेव्हाही शेवटच्या चार पायऱ्या बसून उतरले, हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

आणि ऐक. संध्याकाळी माझी कंबर धरते, ते तुला ठाऊक आहे. ऑफिसातल्या खुर्चीला मी वर्षानुवर्षं त्याचा दोष दिला. गेले चार दिवस कंबर दुखलेली नाही. काकांचा हात चांगला होता, पण तुझ्या मशीनची सर त्याला नाही. हे वाक्य भावजयीलाही वाचून दाखव, म्हणजे मागची खोली तुझ्याकडेच राहील.

सगळ्यांवर माया आहे, या वेळी तुझ्यावर अंमळ जास्त.
ताई


४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मिळताच तो बूट काढून ठेव.

काल हिच्या बटणांच्या डब्याला झाकण केलं, ते तीन मिलिमीटर पातळ झालं. म्हणून शोध घेतला. चकतीची जाडी मशीनला आधी सांगावी लागते, कारण कटर टेकतो चकतीला आणि फळी असते तिच्या खाली. खोक्यावर बावीस लिहिलं होतं, ते मी घातलं होतं. पण खड्डा काढताना लेथवाल्याने चकती एकोणीसवर आणली. मी त्याला जाब विचारला, तर तो म्हणाला की त्याने तेव्हाच सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. लेथ चालू होता. मी काय ऐकलं कोण जाणे. मशीनने माझ्यावर विश्वास ठेवला आणि तीन मिलिमीटर जास्त खोल कोरलं. तुझा तळ अठ्ठावीसचा नाही, पंचवीसचा आहे. तू चालतेस, ते माझं मन राखायला चालतेस.

बरोबर मापाचा तळ याच टपालाने पाठवतो आहे. व्हर्नियरने आठ ठिकाणी मोजला आहे.

एक गोष्ट कधी बोललो नाही. तुझ्या पायाचं हाड आखूड जुळलं आणि डॉक्टरांनी अठ्ठावीस हा आकडा सांगितला, तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो आणि दाराबाहेर उभा होतो. त्या दिवशी सायकल मी चालवत होतो, तू दांडीवर बसली होतीस. तो एक आकडा तरी मी चुकायला नको होता.

क्षमा असावी.
मास्तर


१५ मार्च

चि. मास्तरांस,
अ. उ. आ.

तुझा बरोबर मापाचा तळ घातला. संध्याकाळी कंबर धरली. चुकीचा परत घातला, कंबर सुटली. असं तीनदा केल्यावर हाडांच्या डॉक्टरकडे गेले. तरुण पोरगी आहे, पण मोजल्याशिवाय तोंड उघडत नाही. तिने फोटो काढून सांगितलं की माझा उजवा गुडघा झिजला आहे आणि दोन पायांतला फरक आता पंचवीसच राहिला आहे. म्हणजे आखूड पाय होता तिथेच आहे, चांगला पाय खाली आला. इतकी वर्षं मी, काका आणि तू अठ्ठावीस धरून बसलो. पुन्हा मोजायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. तेव्हा तुझा बरोबर तळ मी खिडकीला अडकण म्हणून लावला आहे. मला चुकीचे आणखी दोन करून पाठव, मात्र या वेळी मुद्दाम चूक.

सायकलचं म्हणशील, तर उतारावर हँडल तू वळवलं नव्हतंस. समोर कुत्रं आलं आणि मी हँडल ओढलं. घरी सगळे तुला बोलले तेव्हा मी कण्हत पडले होते, आणि कण्हणं थांबल्यावरही मी बोलले नाही. पुढे तू रोज माझे बूट पुसून ठेवू लागलास, मग तर सांगणं आणखीच जड झालं. सत्तेचाळीस वर्षं झाली. तू क्षमा मागितलीस ती मी ठेवून घेणार नाही. क्षमा मागायची ती मीच, जमलं तर तीच मला पाठव.

रागावला असशील तर ये आणि समोर बसून रागाव, फोनवर नको. मी स्टँडवर चालत येईन.
ताई