झाकणापाशी जमलेलं पांढरं

मंगळवार, संध्याकाळ. मोताळा.

संताप अजून उतरलेला नाही.

आज प्रयोगशाळेतच बारावीला ईथर शिकवलं. दोन कार्बनच्या मधे एक ऑक्सिजन. फार शांत बंध, सहसा कुणाच्या वाटेला जात नाही, असं मी मोठ्या थाटात सांगितलं. तर वैष्णवी म्हणाली, "मंग मॅडम, कपाटातल्या ईथरच्या बाटलीले झाकणापाशी पांढरं काऊन जमेल हाये?"

मी काचेतून पाहिलं. पांढरे खडे! जुन्या ईथरचं हवेनं असं होतं, आणि मग नुसतं झाकण फिरवलं तरी स्फोट होऊ शकतो. पोरांना बाहेर काढलं, प्रयोगशाळेला कुलूप लावलं आणि तडक प्राचार्यांकडे गेले. म्हटलं, जाणकार बोलावून ती बाटली आजच हलवा.

ते चक्क हसले. "इतकी वर्षं काही झालं काय? तपासणी होऊ द्या, मंग पाहू. कपाट भरेल दिसलं पाहिजे."

पोरांच्या डोळ्यांपेक्षा कपाट महत्त्वाचं? मी म्हटलं, कुलूप उघडणार नाही. तेव्हा त्यांनी साहित्याचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. ईथर, एक बाटली, सुस्थितीत. खाली माझी सही. चार वर्षं, चार सह्या.

ते पांढरं काही एका रात्रीत जमलेलं नाही. त्याच कपाटाला पाठ टेकून मी रोज शिकवते.

किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. देणार नाही म्हणजे नाही. पण उद्या वैष्णवीनं विचारलं, "मॅडम, तुमाले आजच दिसलं काय?" तर?