चौथ्या प्रकरणातलं पेव

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ता. १२ एप्रिल १९३४

चि. दाक्षायणी हिस,

चनबसप्पामामाचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र सोमवारी मिळालं. इकडे आम्ही सगळे सुखरूप. ऊन असं आहे की बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. गिरणीचा भोंगा झाला की तेवढी वर्दळ, मग पुन्हा सामसूम. तुझी मामी सुंदरम्मा शेंगांची चटणी कुटून बसली आहे. तिकडे येणारं कुणी भेटलं की पाठवीन. वसतिगृहात तुला काय वाढतात हे ती रोज मला विचारते, जसा काही मीच तिथला आचारी आहे.

आता मुद्द्याचं. परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला म्हणून तू फार तापली आहेस. ताप, पण जरा ऐकून घे. तुझ्या प्रबंधाची तीन प्रकरणं उत्तम आहेत. छत्तीस वर्षं मुलांचे निबंध तपासलेला माणूस सांगतो आहे. खोट आहे ती चौथ्यात. अठराशे शहात्तर सालच्या दुष्काळात जिल्ह्यात धान्यच उरलं नव्हतं, आगगाडीनं आणि व्यापाऱ्यांनी आणलं म्हणून माणसं जगली, असं तुमचे मोठे प्रोफेसर वीस वर्षं शिकवतात. तू म्हणतेस, धान्य होतं. गावोगावच्या पेवांत, जमिनीखाली, फरशी लावून लिंपून ठेवलेलं होतं, आणि वर माणसं मरत असताना मालक भाव चढायची वाट पाहत होते. मोठा आरोप आहे हा. त्याला पुरावा काय, तर म्हणे लिंप्यावरचा पाटलीचा ठसा!

मला ठाऊक आहे ती रीत, मला शिकवू नकोस. पेव भरलं की घरची बाई शेवटचा लिंपा देते आणि ओल्या मातीत हातातली पाटली दाबते, म्हणजे मागून कुणी उघडलं तर कळावं. तुझ्या अज्जीनं दुष्काळ सरल्यावर पाटल्या उतरवल्या त्या मरेपर्यंत पुन्हा घातल्या नाहीत, हेही खरं. म्हणून वळसंगच्या आपल्या पेवावर तिचा ठसा असेल, तर ते पेव दुष्काळापूर्वीच लिंपलेलं आणि त्यानंतर कधी न उघडलेलं, असं तू मांडतेस. मांडणी चोख आहे. पण ते पेव आहे कुठं? आपल्या शेतावरच्या मायाप्पानं दिवाळीत तुला माती उकरून काहीतरी दाखवलं, त्यावर तू इमारत बांधलीस. मायाप्पा साठीचा म्हातारा, त्याला निम्मं दिसत नाही.

जिल्ह्यातल्या कुणा जाणत्या माणसानं 'असं पेव वळसंगात नाही' म्हणून विद्यापीठाला गुप्तपणे लिहून दिलं, तो कोण हे शोधण्यात तू वेळ घालवू नकोस. अशी कामं गुप्तच असतात.

दुसरं. वर्तमानपत्रातला तुझा लेख वाचला. देणगीदाराच्या घरचा माणूस प्राध्यापक नेमणाऱ्या समितीवर कायमचा बसला, तर विद्यापीठात इतिहास शिकवला जाणार नाही, देणगीदाराची वंशावळ शिकवली जाईल, हे वाक्य तुला फार आवडलेलं दिसतं. मलाही आवडलं असतं, पण तो देणगीदार आपला सिद्धप्पा आहे, माझा सख्खा चुलत भाऊ. अध्यासन निघतंय ते तुझ्या अज्जांच्या, म्हणजे माझ्या आप्पांच्या नावानं. 'दुष्काळात जिल्ह्याला अन्न पुरवणारे गुरुबसप्पा' अशी पाटी तयार आहे. पाच मे रोजी सेनेटसमोर ठराव येईल आणि सेनेटचा सभासद म्हणून तो मलाच मांडायचा आहे. सभासद कुणामुळे झालो, ते तू जाणतेसच.

तेव्हा तीस तारखेला दोन परीक्षक घेऊन वळसंगला येऊन पेव उघडून दाखवायचा बेत रद्द कर. चौथं प्रकरण काढ. पदवी मिळेल, पुढंमागं त्याच अध्यासनावर नोकरीही. आपल्या समाजातली एक मुलगी एवढी शिकली, तिचं वाटोळं एका खड्ड्यासाठी होऊ नये.

तुझ्या आईला, नागव्वाला, माझा निरोप सांग. तिला म्हणावं, आपल्या आईची पाटली पेटीत कुलूपबंद ठेव, पोरीच्या हाती देऊ नकोस.

अनेक आशीर्वाद.

तुझा मामा,
चनबसप्पा

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ता. १९ एप्रिल १९३४

चि. दाक्षायणी हिस, अनेक आशीर्वाद.

एक वाईट बातमी आहे. आपला मायाप्पा मंगळवारी वळसंगात वारला. ऊन लागलं. शेतात दुपारचं काम करत होता, बसल्या जागी कोसळला. पाटलानं पंचनाम्यात तसंच लिहून घेतलं आहे. मी तेव्हा इथं शहरातच होतो. त्याच्या बायकोला, केराबाईला, कळवलं, तिच्या भावकीतली माणसं सांगोल्याहून आली, सगळं रीतीनं झालं.

तुझा त्याच्यावर जीव होता. लहानपणी तुला खांद्यावर घेऊन तो मेंढरांमागं हिंडायचा. रडू नकोस असं लिहिणार होतो, पण रड. मीही रडलो.

अक्षर वेडंवाकडं आलं आहे, वाचून घे. विहिरीचा दोर हातातून सुटला, दोन्ही तळहातांची सालटी गेली. सुंदरम्मानं हळद बांधली आहे, तरी टाक धरवत नाही.

आता तुझ्या येण्यात काही अर्थ उरला नाही. दाखवणारा गेला. आणि जे काही होतं ते ढासळलं आहे असं ऐकतो. जुन्या पेवांचा भरवसा नसतो. आत कोंडलेली हवा असते, वर्षानुवर्षांची. माणसाला हाक मारायलाही सवड देत नाही. परीक्षकांसारख्या शहरी माणसांना तिथं नेणं धोक्याचं आहे, हे तुला कळायला हवं.

सिद्धप्पा काल घरी आला होता. फार मायेनं बोलला. म्हणाला, मायाप्पाच्या बायकोला काही कमी पडू देणार नाही, आणि ती जमीन आता मुरूम-दगड टाकून सपाटच करून घेऊ, पुन्हा कुणाला अपाय नको. मी हो म्हटलं. जाताना त्यानं माझ्या बांधलेल्या हातांकडं पाहिलं आणि विचारलं काहीच नाही. आमच्या घराण्यात सगळे फार समजूतदार आहेत.

झोप नीट लागत नाही. दुपारी डोळा लागला तरी मायाप्पाचा फेटा दिसतो. वरून दिसतो. का, ते ठाऊक नाही.

आशीर्वाद.

मामा

वळसंग, ता. २४ एप्रिल १९३४, मंगळवार

दाक्षायणी,

तुझं चार ओळींचं पत्र काल मिळालं. 'मामा, तुमच्या घरी दहा वर्षं नळ आहे. विहिरीचा दोर कुठला?' एवढंच विचारलंस. अज्जीवर गेली आहेस तू. तीही असंच एक वाक्य विचारून गप्प बसायची.

काल तुझं पत्र हातात असतानाच केराबाई दारात आली. वळसंगहून पायी. ओसरीवर बसली नाही, पाणी घेतलं नाही. पदराखालून मायाप्पाचा पितळी दिवा काढला आणि माझ्या टेबलावर, सेनेटच्या कागदांवर ठेवला. ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो:

"मालक, वात कोरी हाय. तेल तसंच हाय. चाळीस वर्सं ह्यो मानूस पेवात उतरतोय, दिवा सोडल्याबिगार कदी पाय घातला न्हाय. मंगळवारी कुनी घालायला लावला?"

सुंदरम्मा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"पाटलाला तुमी उनाचं सांगितलं. ऊन लागलेल्या मानसाच्या कमरंला दोराचा वळ कशाला असतोय ओ?" एवढं बोलून केराबाई निघाली. दिवा उचलून घेऊन गेली. मी हात पुढं केला होता, म्हणाली, "ह्यो आता तुमच्या हातात देनार न्हाय."

आता ऐक. पहिल्यापासून सांगतो.

विद्यापीठाला ते गुप्त पत्र मी लिहिलं. 'मौजे वळसंग माझ्या पूर्ण परिचयाचे असून तेथे वर्णन केल्यासारखे पेव नाही.' खाली माझी सही. सिद्धप्पानं मजकूर आणला होता, मी त्यातल्या व्याकरणाच्या दोन चुका सुधारल्या आणि सही केली. तुझ्या मेहनतीचा गळा मी दाबला आणि वर तुला पत्रातून शहाणपण शिकवलं. मला तुझी भीती वाटत होती, पोरी. तू खरं लिहिलं होतंस म्हणून.

पेव आहे. आईनं मला दाखवलं होतं, मी दहा वर्षांचा असताना. मी दुष्काळातच जन्मलो. बाकीच्या पेवांतला दाणा आप्पांनी भाव चढल्यावर काढला. हे एक राहिलं. आप्पा ते उघडायला निघाले तेव्हा आई फरशीवर बसली. गावची माणसं फरशीच्या आसपास मरून पडली होती, त्यांत मायाप्पाची आजी होती, आणि ती जिवंत असताना त्यांना काठीनं हटवायला आप्पांनी मायाप्पाच्याच बापाला उभं केलं होतं. आई म्हणाली, हा दाणा आता ना विकायचा ना खायचा. त्या दिवशी तिनं पाटल्या उतरवल्या. हे सारं मला ठाऊक होतं, आणि मी आप्पांच्या पाटीवरचा मजकूर तपासून दिला. अन्न पुरवणारे!

तू परीक्षक घेऊन येणार कळल्यावर मी ठरवलं, पेव आधीच रिकामं करावं. रिकामा खड्डा दाखवला की तुझं प्रकरण आपोआप पडेल. सतरा तारखेला मायाप्पाला घेऊन गेलो. त्याला सांगितलं, दाणा खराब झालाय, काढून ओढ्यात टाकू. त्यानं माझ्याकडं बघितलं. तुला दाखवलं होतं ना त्यानं? त्याला सगळं कळलं असणार. तरी म्हणाला, "तुमी म्हंताय तर काढू की."

पहारीनं सांधा फोडला, दोघांनी मिळून फरशी सरकवली. आतून असा कुबट, आंबूस वाफारा आला की मी दोन पावलं मागं झालो. मायाप्पानं दिवा काढला. "आदी दिवा सोडतो मालक. इझला तर आज न्हाय उतरायचं. तोंड एक दिस उगडं ऱ्हाऊ द्या, हवा लई वंगाळ असतिया."

एक दिवस तोंड उघडं राहिलं असतं तर सगळ्या गावानं पाहिलं असतं. संध्याकाळी गुरं त्याच वाटेनं परततात. मी म्हणालो, दिवाबिवा राहू दे, पाच मिनिटांचं काम, एक पोतं भरून बघू. तो थांबला. चाळीस वर्षांत त्यानं माझा शब्द मोडला नव्हता. दिवा कडेला ठेवला, दोर कमरेला बांधला, दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि उतरला.

वरून मला त्याचा फेटा दिसत होता. "मालक, दाना काळा पडलाय, पर हाय," एवढं तो बोलला. मग फेटा खाली बसला. मी ओढलं, हाका मारल्या, पुन्हा ओढलं. हातांची सालटी तेव्हा गेली. शेवटी दोर आमच्या गाडीच्या बैलांच्या जुवाला बांधला आणि बैल हाकले. वर आला तेव्हा त्याच्या मुठीत जोंधळा होता, कोळशासारखा काळा. मूठ मी सोडवली. ते दाणे माझ्या कोटाच्या खिशात आहेत.

मग मी काय केलं माहीत आहे? त्याच्या कमरेचा दोर सोडून गुंडाळला, आणि त्याला बाभळीखाली ओढून नेलं. फरशी सरकवून पाटलाकडं गेलो, ऊन लागलं म्हणून सांगितलं. ज्यानं आयुष्यभर माझ्यावर विश्वास ठेवला, त्याच्या मरणाचंही मी खोटं लिहून घेतलं. तुझ्या अज्जांनी तरी फक्त धान्य दडवलं होतं.

काल संध्याकाळपासून मी इथं आहे. पेवाच्या तोंडाशी बाज टाकली आहे. फरशी बाजूला केली आहे आणि बाभळीचे काटे लावून वाट अडवली आहे. सकाळी पाटलाला बोलावून खरा जबाब दिला. तो दोनदा म्हणाला, "सर, पुन्यांदा इचार करा." विचार करून झाला म्हटलं. तो तालुक्याला गेला आहे. मला न्यायला येतील, पण कधी ते माहीत नाही.

येत्या रविवारी, एकोणतीस तारखेला, सिद्धप्पाच्या वीस गाड्या मुरूम-दगड घेऊन इथं येणार आहेत. त्यानं निरोप पाठवला आहे, की भाऊ म्हणून शनिवारपर्यंत वाट पाहीन. मग बाजेवर कोण बसलंय ते गाडीवानांना दिसणार नाही. निरोप आणणारा हसत होता, मला हसू आलं नाही. तेव्हा तीसची वाट पाहू नकोस. परीक्षकांना घेऊन शनिवारच्या आत ये. ते येत नसतील तर एकटी ये. शहरात घरी जाऊ नकोस. होटगीला उतर, टांगा करून थेट ये. नागव्वाकडून आईची पाटली मागून घे. लिंपा मी फोडला, पण ठशाचा तुकडा शाबूत आहे, ओल्या फडक्यात गुंडाळून बाजेखाली ठेवला आहे. मला आधी नेलं तर तो केराबाईकडं असेल. ती तुला देईल.

सोबत रजिस्ट्रारसाठी बंद पाकीट आहे. त्यात माझं गुप्त पत्र खोटं असल्याची कबुली आणि सेनेटचा राजीनामा आहे. ठराव पाच तारखेला दुसरा कुणीही मांडेल, माणसं मिळतात. पण ते मांडतील तेव्हा तू तिथं उभी राहा, आणि चौथं प्रकरण मोठ्यानं वाच. मायाप्पाचं नाव त्यात घाल. साक्षीदार म्हणून घाल, आणि कसा मेला तेही घाल. माझं नाव गाळू नकोस.

तुझ्या बाजूनं आता बोलणारा एकच उरला आहे, आणि तो खोटं बोलण्यात मुरलेला आहे, हे परीक्षक विचारतीलच. म्हणून माझ्या शब्दावर काही ठेवू नकोस. स्वतः बघ. पण खाली उतरण्याआधी तोंड एक दिवस उघडं होतं की नाही ते गावात विचारून घे, आणि दिवा सोड. मी जरी म्हणालो की हवा आता बरी आहे, तरी सोड.

दिवा येताना तूच आण. इथं मला कुणी देत नाही.

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

चनबसप्पा