दोनदा काठी, एकदा तळवा

४ जुलै

त्या सकाळी मी नळाचं पाणी भरलं, बाजरी निवडून गिरणीत दिली, ओटा धुतला आणि ह्यांच्या काठीला गोडं तेल चोळलं. हे चहा पिता पिता म्हणाले, तेल जास्त नको लावू, हातातून सटकते. मी म्हटलं, सटकली तर तरंगेल. दोघंही हसलो. संध्याकाळी काठी परत आली, हे आले नाहीत. त्याला आता तीन वर्षं झाली.

आज नव्या खोलीत ती काठी दारामागे उभी करताना ती सकाळ आठवली. पण दिवस चांगला गेला, तेही लिहायला हवं. एकलहऱ्याहून टेम्पोत गादी, दोन पेट्या आणि पुस्तकांचं पोतं आणलं. टेम्पोवाला विचारत होता, मावशी, यात विटा भरल्यात का. वस्तीतल्या बायांनी हातोहात सामान वर चढवलं. शेजारची सुरय्या कपडे शिवते. खिडकी उघडी बघून तिनं संध्याकाळच्या आत जुन्या साडीचा पडदा शिवून दिला, वर म्हणाली, ताई, पहिला पडदा फुकट, दुसऱ्याला पैसे.

खोली पक्की आहे, वस्तीच्या सगळ्यात वरच्या टोकाला. खिडकीतून वरची, मधली आणि खालची अशा तिन्ही आळ्यांचे पत्रे दिसतात, आणि त्यांच्या पलीकडे नदी, इथे तिला गंगाच म्हणतात. नदी शहाण्या बाईसारखी वाहते आहे.

७ जुलै

माझं काम छपरावरच्या पुराच्या भोंग्याची राखण. भोंगा नियंत्रण कक्षातून वाजतो. मी फक्त सौर पाटी पुसायची आणि तो वाजला की फोनवर तसं कळवायचं.

त्या कक्षातल्या योगिनी मॅडम समजावायला आल्या होत्या. वयानं माझ्या पुतणीएवढ्या, चिखलात सँडल रुतली तरी हसत होत्या. नवं धोरण असं की पूर आला तर आता कुणी दारोदार फिरायचं नाही. भोंगा वाजेल, फोनवर संदेश येईल, माणसं आपली आपण शाळेत जातील. त्या थोडं अडखळून म्हणाल्या, तुमच्या घरी झालं तसं पुन्हा कुणाच्या घरी होऊ नये म्हणून हा नियम केलाय. मला राग आला नाही. नियम वाचून पाहिला, सरळ मराठीत आहे आणि चुकीचा नाही.

ह्यांची पद्धत वेगळी होती. बहिरू जीवरक्षक म्हणून ह्यांना या काठच्या सगळ्या वस्त्या ओळखत. दारावर दोनदा काठी, एकदा तळवा. आतून ‘उठलो’ ऐकू आल्याशिवाय पुढच्या दाराला जायचं नाही. दुपारी पाणी आलं तरी लोक ‘उठलो’च म्हणत. एका दारातून ओ आली नाही, तिथेच हे थांबले. ते दार कुठलं, मी कधी विचारलं नाही.

१३ जुलै

भोंग्याची रोज संध्याकाळी चाचणी होते. मागून एका बाईचा आवाज येतो, ही चाचणी आहे, घाबरू नका. पहिल्या दिवशी कुत्री रडली. आता बाया त्यावर कुकर लावतात.

खालच्या आळीतल्या चिमणाबाई म्हाताऱ्या आहेत, एकट्या राहतात, पण जीभ तिखट. मॅडमनी सांगितलेले धरणाच्या पाण्याचे आकडे मी त्यांना वाचून दाखवले. त्यांनी विचारलं, ह्ये क्युसेक म्हंजी मारुतीच्या गुडघ्याला का कमरेला? मी वही उलटसुलट चाळली. म्हणाल्या, मंग तुझं बुक काय कामाचं, त्यापरीस आमचा नदीतला दुतोंड्या मारुती बरा, पानी कुठवर चढलं ते न वाचता समजतं.

रात्री खूप दिवसांनी गाढ झोप लागली.

१९ जुलै

वरच्या बाजूला चार दिवस पाऊस आहे. घोटीकडून येणाऱ्या जीपवाल्यांनी सांगितलं, भाताची खाचरं ओळखू येत नाहीत.

आज दिवेलागणीला खालच्या आळीच्या टोकाला कुणीतरी दार ठोठावत होतं म्हणे. मी पाहायला गेले. तिथे दारच नाही. पडक्या घराचा चौथरा आहे, दोन भिंती आणि रिकामी चौकट. बाया माझ्याकडे न बघता घरात गेल्या.

२२ जुलै

आवाज आता चौथऱ्यावरून आळीत आला आहे. ज्या दारावर येतो तिथे ओल्या हाताचा ठसा राहतो. ऊन नसल्यामुळे लवकर वाळतही नाही.

चिमणाबाईंनी सगळ्यांना बजावलंय की ही हाकामारी हाय, वळखीचा आवाज काढती, ओ दिली की माणूस तिच्यामागं पाण्यात जातं. लय शहाणपणा करायचा नाय, दार उघडायचं नाय. खालच्या आळीतल्या प्रत्येक दारावर खडूनं ‘उद्या ये’ लिहिलं आहे. रोज आली तरी रोज तेच वाचून परत जाईल, असं त्यांचं म्हणणं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या दारावर चिमणाबाईंनी माझ्याकडूनच लिहून घेतलं. मी लिहिलं. अक्षर बरं आहे म्हणाल्या.

२५ जुलै

आज मी स्वतः ऐकलं. मधल्या आळीत.

दोनदा काठी. एकदा तळवा. मग शांतता, आतून ओ येईल म्हणून थांबावं तेवढी. मग पुन्हा.

मी सुरय्याकडे गेले. ती मशीन थांबवून बराच वेळ धागा ओवत बसली. मग बोलली. ताई, पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी ओळखलंय, तुम्हाला कोण सांगणार. चौथरा त्या ओ न आलेल्या घराचाच आहे. घरातली माणसं आदल्या दिवशीच घोटीला पाहुण्यांकडे गेली होती, कुणाला सांगून गेली नव्हती. बहिरूभाऊ रिकाम्या घराला उठवत उभे राहिले. पाणी छातीला लागलं तरी. आम्ही वरून ओरडत होतो, भाऊ, कुणी नाहीये. पाण्याच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही.

मी घरी येऊन भात टाकला. भात करपला.

२६ जुलै

सकाळी झाडताना काठी हलवली. टोक ओलं. खाली फरशीवर वाळूचे चार कण.

छप्पर गळत नाही. मी स्टूल ठेवून पाहिलं.

२७ जुलै

मॅडमना फोन केला. ठोठावण्याचं सांगितलं नाही, वेडी म्हणतील. एवढंच विचारलं, भोंगा वाजला नाही तर? त्या म्हणाल्या, वाजतो, रोजची चाचणी नीट येतेय. मी म्हटलं, चाचणी ऐकून ऐकून लोकांचे कान मेलेत, खऱ्या वेळी कुणी हलणार नाही. त्या म्हणाल्या, मी वर लिहिते. पण सिंधूताई, तुम्ही खाली उतरायचं नाही. शब्द द्या.

मी दिला.

संध्याकाळी आवाज वरच्या आळीत. मारुतीच्या कमरेला पाणी आहे, असं ओरडत एक मोटारसायकल गेली. खालची आळी हसली, दरवर्षीच लागतं म्हणाली. दारं बंद. उद्या ये, उद्या ये, सगळीकडे माझंच अक्षर.

२८ जुलै

वीज नाही. फोनला रेंज नाही. आज चाचणी झाली नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही — कुकर मात्र उशिरा लागले —

नदीचा आवाज बदललाय. आता पाण्यासारखा नाही. जात्यासारखा.

सुरय्याच्या दारावर ठोठावलं. मी भिंतीला कान लावून होते. तिनं मुलांची तोंडं दाबली असणार, काहीच ऐकू आलं नाही. ठोठावणारा खूप वेळ थांबला. तो नेहमीच थांबतो —

आता फक्त माझं दार राहिलंय.

चटणीचा वास येतोय. त्या सकाळी ह्यांच्या डब्यात मी लसणाची चटणी —

दारामागे काठी नाही.

दोनदा. तळवा.

आम्ही सगळे घाबरून बसलो. खालून वर, एकेक दार. हे भूत नाही — म्हणजे आहे, पण हे काम आहे. हे काम करतायत. कुणी ओ देत नाही म्हणून संपत नाहीये —

पुन्हा. दोनदा.

भीती वाटतेय. ओ दिली तर पाण्यात जातं माणूस, चिमणाबाई म्हणाल्या. मी दाराजवळ आहे. वही हातात. कडीला हात लावलाय, गार आहे. म्हणते —

उठल

तारीख घालत नाही, हात ओला आहे आणि शाई पसरते.

मी ओ दिल्यावर आवाज थांबला. काठी दाराबाहेर भिंतीला टेकून उभी होती. खालच्या आळीत पाणी शिरल्याचं ऐकू येत होतं, तरी भोंगा गप्पच होता.

अजून फटफटायचं होतं. मी लगेच काठी घेतली आणि सुरय्याच्या दारावर मारली. दोनदा, मग तळवा. आत श्वास ऐकू येत होते. मी म्हटलं, सुरय्या, मी सिंधू, धरणाचं पाणी आलंय. तिनं पडदा सारून गजांतून हात बाहेर काढला आणि माझा हात चाचपला. गरम आहे, म्हणाली. मग घरातून ओरडली, उठलो. तिच्या ओरडण्यानं वरची आळी उठली. मधलीतही तिनंच सांगितलं की बाईचा हात गरम आहे, बिनधास्त ओ द्या. माणसं पोरं काखेत घेऊन शाळेकडे पळाली. मी तिला त्यांच्याबरोबर लावून दिलं. ती जाईना, तेव्हा तिच्यावर ओरडले.

खालच्या आळीत पाणी गुडघ्याला होतं. एकेका दारात हात पुढे करत, ‘उठलो’ ऐकत मी शेवटापर्यंत गेले. चिमणाबाईंच्या दारावर खडू ओघळला होता, तरी ‘ये’ वाचता येत होतं. पाणी तोवर कमरेला आलं होतं. आत त्या खोकल्या, म्हणजे घर रिकामं नव्हतं. मी नाव सांगितलं. त्यांनी दाराच्या फटीतून बोटं काढली आणि माझा हात चाचपला.

हात गार पडला होता. त्यांनी बोटं आत ओढून घेतली.

मी पुन्हा दोनदा काठी मारली, एकदा तळवा, आणि दारात थांबले. अजून ‘उठलो’ आलेलं नाही.