लँगरिशसाहेबांचा कारकून

सोमवार, ९ जानेवारी १९६१
साहेबांना आज जाड लिफाफा आला. वाचला, खिशात घातला आणि चष्मा शोधायला लागले. चष्मा नाकावरच! म्हटलं, काहीतरी मोठं घडलंय.
"टॅप्सेल, दार लावा." न्यायमूर्तीपद! "कुणाजवळ बोलू नका हं." मी कुणाजवळ बोलतो! या वहीजवळ, तेवढंच.

मंगळवार, १०
एकतीस वर्षं या माणसाला मी कामं आणून दिली. बॅरिस्टरने स्वतः काम मागायचं नाही, फीचं बोलायचं नाही — आमच्या टेम्पलमध्ये, लंडनच्या या बॅरिस्टरांच्या पेठेत, ते सगळं कारकुनाकडे. कोर्टात साहेब साक्षीदाराला सोलून काढतील. पण फीचा विषय निघाला की कान लाल! "ते टॅप्सेलना विचारा."
न्यायमूर्ती होणारा आपला कारकून बरोबर नेतो, अशी रीत. फीतला वाटा बंद होऊन कारकुनाची कमाई निम्म्यावर येते, तरी लोक जातात. मला जायचंय. साहेबांनी अजून विचारलेलं नाही.

गुरुवार, १२
नाही विचारलं.

सोमवार, १६
विचारलं! काय विचारलं? "टॅप्सेल, मला कोर्टात एखादा चांगला कारकून लागेल. शोधून द्याल? तुमची सगळ्यांशी ओळख आहे."
"हो साहेब," म्हटलं. बाहेर येऊन टाइपरायटरवर झाकण घातलं तेही उलटं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.
घरी एडिथ म्हणाली, "जन्मभर त्यांच्यासाठी मागत आलास. आता एकदा स्वतःसाठी माग की!" म्हटलं, कारकुनाने स्वतःला पुढे करायचं नसतं. "मग बसा दोघं तोंडं शिवून!" आणि बटाटे वाढले.

शुक्रवार, २०
तीन उमेदवार पाहिले. पहिला फार बोलतो. दुसऱ्याचा चहा — साहेब पहिल्या घोटालाच जन्मठेप देतील! तिसऱ्यात खोट सापडेना. शेवटी 'बूट करकरतात' असा शेरा मारला.
साहेबांनी यादी वाचली. "फार कडक आहात बुवा तुम्ही."
"तुमच्याकडूनच शिकलो, साहेब."

मंगळवार, २४
गेलो आत.
"साहेब, एक उमेदवार राहिलाय. वय अठ्ठावन्न, गुडघे कामातून गेलेत. पण तुम्हाला चहा कसा लागतो ते त्याला ठाऊक आहे."
साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. "पगाराचं माहीत आहे ना, टॅप्सेल?"
"आहे."
"आणि घरी?"
"घरचीनेच धाडलंय."
"बरं तर," म्हणाले, आणि बराच वेळ नाक शिंकरत बसले. सर्दी म्हणे!

गुरुवार, २ फेब्रुवारी
नेमणुकीचे कागद घेऊन, न्यायमूर्ती नेमतात त्या चॅन्सलरसाहेबांच्या कचेरीत गेलो. तिथला म्हातारा बाबू शिक्का मारता मारता म्हणाला, "आले एकदाचे तुमचे साहेब! हे तिसरं पत्र. तिसरं आम्ही कुणाला पाठवत नाही. चौपन्न साली नको म्हणाले, माझ्या कारकुनाची थोरली अजून शाळेत आहे. अठ्ठावन्न साली पुन्हा नको म्हणाले, धाकटी नर्सिंग शिकतेय, इतक्यात त्याची कमाई तुटायला नको."
आमची धाकटी विनी गेल्या जूनमध्ये पास झाली.