यूननचा बोनस

३ मार्च

विमा भरायची वेळ आली. मॅनसने लगेच तोंड उघडलं. "आता तरी स्वतःच्या नावावर घे, बाई! चर्चला तू जातेस, बाजार तू करतेस, अंडी पोचवायला तू जातेस. घरात एकच गाडी, आणि तिचा विमा ऑस्ट्रेलियातल्या पोराच्या नावावर!"

मी बटाटे सोलत राहिले. पोराचा बाप असून एवढं कळत नाही!

पोराच्या नावावर विमा आहे म्हणूनच यूननचा बोनस जिवंत आहे. गाडी कुठे ठोकली नाही, कंपनीकडे भरपाई मागितली नाही, की दर वर्षी हप्त्यात सूट वाढते. तो त्याचा बोनस. पण दोन वर्षं नावावर विमा नसला की सगळा गेला! मग परत आलेल्या पोराला नवशिका धरतात. कॅसिडींचा डोनल कॅनडाहून आला, विम्याचा आकडा ऐकला आणि पुन्हा विमानात बसला. त्याच्या आईचं तोंड बघवत नव्हतं. आमच्याकडे तसं व्हायचं नाही. यूनन आला की किल्ली हातात, बोनस शाबूत. माझ्या हातात दुसरं आहेच काय!

५ मार्च

लेटरकेनीला विम्याच्या ऑफिसात. काउंटरवर डिम्प्ना.

"ब्रिजीन, यूनन घरीच राहतो ना अजून?" — "कामाला बाहेर असतो," मी म्हटलं. खोटं काय आहे त्यात!

"गाडी मुख्यतः तोच चालवतो?" — "हो." हे मात्र धडधडीत खोटं.

डिम्प्नाचा सख्खा भाऊ सिडनीला आहे. तिने मान वर केली नाही. "मागच्या वर्षीसारखंच ठेवते," एवढंच म्हणाली.

बाहेर येऊन गाडीत बसले आणि रडू फुटलं. मेलं, विम्यासाठी कोणी रडतं का! समोर एक मासेवाली उभी होती, तिला वाटलं घरात कुणी गेलं. चर्चमध्ये मेणबत्ती लावते म्हणाली. मी हो म्हटलं.

१८ मार्च

काल सेंट पॅट्रिकचा दिवस, आपला एवढा मोठा सण. यूननचा फोन नाही. दमत असेल. तिकडे आपली सकाळ म्हणजे त्याची रात्र.

२ एप्रिल

घात झाला! अंडी द्यायला पॅकीकडे गेले, गाडी मागे घेताना त्याच्या फाटकाचा खांबच पाडला. अर्धी भिंतसुद्धा खाली आली.

पॅकी हसतोय. "अगं, विम्यातून घे की! इतकी वर्षं भरतेस ते कशाला?"

"विम्याचं नाव काढू नकोस, पॅकी."

"का गं?"

"नको म्हणते ना!"

ओरडलेच मी. बिचारा अंड्यांचा ट्रे धरून बघत राहिला. पण एकदा मागितलं की यूननचा बोनस धुऊन निघणार. आणि तो समुद्रापार, इथे काय झालं त्याला ठाऊकही नाही! त्याच्या मागे त्याच्या आईनेच घालवायचा?

४ एप्रिल

वाटलं होतं, मॅनस आता घर डोक्यावर घेणार. कसलं काय! काल सकाळी ट्रॅक्टरला ट्रॉली लावली, आपल्या ओढ्याकाठचे दगड भरले आणि गेला पॅकीकडे. पाठ धड नाही, वाकलं की कण्हतो. आज खांब उभा करून आला. पॅकीने पुन्हा विम्याचं काढलं, तर हा त्याच्यावर खेकसला म्हणे — "पोराचा बोनस आहे तो!"

आणि मला चार वर्षं शहाणपणा शिकवतोय!

पाठीला मलम चोळत होते. तोंड भिंतीकडे करून म्हणाला, "ब्रिजीन, येणारे का गं तो?"

"दोनच वर्षं म्हणाला होता."

"ते चार वर्षांपूर्वी."

मी चोळत राहिले.

११ मे

गाडी धुतली. पुढची सीट पार मागे सरकवली — यूननच्या लांब तंगड्यांना लागते तशी. जरा वेळ तशीच ठेवली. मग बाजारात जायचं होतं, पुन्हा पुढे घेतली.

२५ मे

यूननचा फोन! आवाज नुसता फुललेला. "आई, माझा बोनस चालू आहे ना अजून? इथली विमा कंपनी तो धरते म्हणे. कागद तेवढा पाठव. मोठी गाडी घेतोय, मागे बाळाची सीट बसली पाहिजे ना!"

"कुठलं बाळ?"

"अगं, तेच सांगायला फोन केला!"

म्हटलं, आहे रे राजा. सगळा आहे. एकही वर्ष कमी नाही.

बोनस एका वेळी एकाच गाडीवर चालतो. उद्या जाऊन इथला विमा बंद करते.