नमुन्याचा बाक

आदरणीय भाऊजींना,

धाकट्या मेहुण्याचा नमस्कार.

तुमचं पित्त पुन्हा उसळल्याचं ताईकडून कळलं. जपा. तिखट कमी करा, जागरण टाळा आणि रागावू नका. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी. ताईचा गुडघा कसा आहे? तिला उगाच जिने चढू देऊ नका. (ती ऐकत नाही हे मला माहीत आहे. तुमची बायको व्हायच्या आधीपासून ती माझी बहीण आहे.) इकडे आम्ही तिघंही ठणठणीत आहोत. तिघं म्हणजे मी, ही आणि मिस्त्री. कारखान्यात मनुष्यबळ किती, असं तुम्ही मागे विचारलं होतंत, त्याचंही उत्तर यातच आलं.

वडिलांच्या माघारी कारखान्यात अर्धा हिस्सा ताईचा, आणि ताईच्या वतीने बोलणारे तुम्ही. शेजारच्या टायरवाल्याला आपली जागा गोदामासाठी हवी आहे. तेव्हा गेल्या खेपेला जेवण झाल्यावर तुम्ही म्हणालात की वर्षअखेरपर्यंत एक तरी सरकारी काम मिळवून दाखव, मग मी विकायचं नाव काढणार नाही. नाही मिळालं तर मुकाट्याने सही कर. मी हो म्हणालो. भरल्या पोटी माणूस कशालाही हो म्हणतो. तर भाऊजी, वर्ष संपत आलं आणि काम मिळालेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला शेवटचं पान आधी उलटून बघायला नको. (तुम्ही तसं करता, असं ताई सांगते.)

तुम्ही पाठवलेले सल्लागार आले. छोट्या धंद्यांना सरकारी कामासाठी ‘तयार’ करणं हा त्यांचा व्यवसाय, म्हणून मिस्त्री त्यांना तयारीवाले म्हणतात. त्यांनी पहिल्या दिवशी लाकडाच्या भुशात बूट माखू नयेत म्हणून दारातूनच कारखाना पाहिला आणि सांगितलं की यापुढे तुम्ही बाक बनवत नाही, तुम्ही आसनव्यवस्था पुरवता. मग त्यांनी एक तक्ता काढला. त्यात चौकोनच चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात एक पद. माणसं तीन असल्यामुळे आम्ही फिरून फिरून तेच त्यात बसलो. मी संचालक, खरेदी प्रमुख आणि रात्रीचा पहारेकरी. मिस्त्री उत्पादन आणि गुणवत्ता दोन्ही पाहतात, म्हणजे स्वतः केलेलं काम स्वतःच नापास करायचा अधिकार त्यांना मिळाला. तक्रार निवारण समितीची अध्यक्ष ही. तिने पहिल्याच बैठकीत माझ्याविरुद्ध तक्रार नोंदवली आणि ती सुनावणीला घेतली.

पुढे अडलं ते अनुभवाच्या दाखल्यावर. सरकारी काम मिळायला आधी सरकारी काम केलेलं असावं लागतं. मी तयारीवाल्यांना विचारलं की मग पहिलं काम कुणाला मिळतं. ते म्हणाले, असे प्रश्न मनात येतात म्हणून लहान धंदे लहान राहतात. शेवटी मिस्त्रींना आठवलं की वडिलांनी एकदा सरकारी शाळेतल्या स्टुलाचा मोडका पाय बसवून दिला होता. मुख्याध्यापिका भल्या बाई, त्यांनी तसा दाखला दिला. तयारीवाल्यांनी अर्जात लिहिलं, ‘शासकीय आसनव्यवस्थेच्या आधारसंरचनेचे यशस्वी पुनर्स्थापन’. वडील असते तर त्यांनी विचारलं असतं की हे कुणी केलं.

एवढं झाल्यावर टेंडर निघालं ते आपल्याच जोगं होतं. कचेरीत कामासाठी येणाऱ्या लोकांना बसायला बाक. माझा हुरूप वाढला, कारण बाक म्हटलं की आपल्या वडिलांसमोर कुणी टिकायचं नाही. तुम्हाला ठाऊकच आहे, कुणीही घरी आलं की ते त्याला पाणी विचारायच्या आधी बाकावर बसवायचे आणि पाठ जिथे टेकेल तिथे मागून खडूची खूण करायचे. अशा कित्येक पाठींवरून घासूनपुसून त्यांनी पाठीच्या फळीचा उतार ठरवला. तोच उतार धरून मिस्त्रींनी नमुन्याचा बाक केला. आम्ही तो हातगाडीवरून कचेरीत नेला, तिथल्या आवक विभागातल्या बाईंनी त्याला दोरा बांधला, लाखेची मोहोर लावली आणि वर चिठ्ठी डकवली: ‘नमुना. बसू नये.’

बाक तपासायला प्रयोगशाळेत जायचा होता. प्रयोगशाळा लांब, आणि न्यायला गाडी नाही. म्हणून तो व्हरांड्यातच भिंतीला लागून राहिला. पहिल्या दिवशी लोक चिठ्ठी वाचून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी एक दमलेली बाई चिठ्ठीवरच बसली. त्यानंतर चिठ्ठी कुणाला दिसली नाही. मी निकालाची चौकशी करायला जायचो तेव्हा मलाही ‘बसा’ असंच सांगत, आणि बसायला दुसरं काही नव्हतं. अशा रीतीने मी माझ्याच नमुन्यावर बसून माझ्याच नमुन्याच्या निकालाची वाट पाहत होतो. खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं. शेजारी निवृत्त बसचालक असायचे, मोडक्या कमरेचे. ते म्हणायचे की घरच्या खुर्चीपेक्षा इथे बरं. मी मान हलवायचो आणि बाक कुणाचा ते सांगायचो नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला दर विचारला असता आणि टेंडर चालू असताना कचेरीतच सौदा केला म्हणून मी लाचलुचपतीत सापडलो असतो.

पण याच बाकाने आमचा घात केला. आधी लोकांना ‘उद्या या’ म्हटलं की ते पाय दुखत असल्यामुळे निमूट घरी जात. आता ‘उद्या या’ म्हटलं की ते म्हणायला लागले, असू दे, बसतो. आणि बसायचे. दिवसभर समोर माणसं बसलेली पाहून कारकुनांना चहाला उठायची चोरी झाली. काही कागद तर चक्क त्याच दिवशी निघाले. एका महिन्यात कचेरीची पार रया गेली. साहेबांनी मला आत बोलावलं. मला वाटलं काम मिळालं. साहेब वाईट माणूस नाही, नीट बसवून बोलला. (खुर्ची गुळगुळीत होती, घसरायला होत होतं.)

“तुमचा बाक चांगला आहे, हीच अडचण आहे,” तो म्हणाला. “माणूस टेकला की उठत नाही. आम्हाला लोकांना बसवायचं असतं, त्यांचा मुक्काम नको असतो.”

लेखी कारण अर्थात निराळं आलं: ‘नमुना वापरलेल्या अवस्थेत आढळला.’ काम लोखंडवाल्याला गेलं. त्याचे भोकाभोकांचे पत्र्याचे बाक आले. थंडीत गार, उन्हात तापलेले, आणि पुढे असे कललेले की माणूस आपोआप दाराकडे सरकतो. सरकारला नेमकं काय हवं ते त्याला कळलं होतं. आम्ही आपले पाठी मोजत बसलो.

मला राग आला भाऊजी. साहेबाचा नाही, लोखंडवाल्याचाही नाही. तुमचा आला. ज्या कचेरीला माणसं बसलेली नकोत, तिच्या हातची चिठ्ठी आणून दाखव तरच वडिलांचं काम काम, असं तुम्ही ठरवलंत आणि मी वर्षभर ते खरं मानलं. या नादात आमची नेहमीची दोन गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. मिस्त्रींनी रंधा हातात घेण्यापेक्षा सह्याच जास्त केल्या. शब्दाला जागायचं म्हणून मी सही करेन. पण तुम्हाला गोड वाटेल असं काही लिहिणार नाही.

ताईला नमस्कार सांगा. तिला पत्र वाचायला दिलंत तर चष्मा द्या, नाहीतर ती मधलं गाळते.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता. क. तक्रार निवारण समितीचा निकाल लागला. मी दोषी ठरलो. शिक्षा म्हणून घरातला डुगडुगणारा पाट नीट करायचा आहे.

आणखी ता. क. साहेबाचा शिपाई काल कारखान्यात आला होता. साहेबांना घरच्या गच्चीत तस्साच एक बाक हवा आहे, उतारासकट. अजून हो म्हटलेलं नाही.

शेवटचा ता. क. यासाठीच खरं तर कागद हातात घेतला होता. नापास नमुना आपण परत न्यायचा असतो, पण त्याला गेटपास लागतो, आणि गेटपासवर सही करणारा रजेवर आहे. त्यामुळे बाक अजून व्हरांड्यातच आहे. नवे पत्र्याचे बाक रिकामे पडलेत आणि लोक आपल्या बाकावर दाटीवाटीने बसतात. तुम्ही हयातीच्या दाखल्यासाठी याच कचेरीत येणार आहात, असं ताई म्हणाली. विक्रीचे कागद बरोबर आणाच. ताईला मागणी घालायला आला होतात तेव्हा वडिलांनी तुम्हाला बाकावर बसवलं होतं. दुपारी बसलात ते दिवे लागले तरी उठला नाहीत. तुमच्या कोटावर पाठीमागे खडूची रेघ उमटली होती. ताई हसली ती त्या रेघेला. तुम्ही आजवर समजत आलात की तुमच्या विनोदाला. तुम्ही गेल्यावर वडील म्हणाले की उतार जमला, आता यात बदल नाही. बाकाची पाठ तेव्हापासून तुमची आहे. एवढंच मागणं आहे की सहीआधी एकदा त्यावर बसा. तुम्ही लगेच उठलात तर मी तिथेच सही करतो. मी रोज अकरापासून असतो. तुमच्यासाठी जागा धरून ठेवतो.