एकतिसावं पान

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥
ता. शिरूर,
११ जानेवारी २०२५

चि. प्रतिभास आप्पांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, फोनवर तू बोलतीस आन् मी नुसता व्हय व्हय म्हणतो. कान कामातून गेले. तवा कागदच बरा. तुझी काकू बरी हाय. गुडघ्यावर तेल चोळती आन् मला बोल लावती.

टेकडीवरच्या बिरोबाच्या देवळात यंदा इतिहासाचा दगड बसवायचा ठरलाय. पहिली पूजा कुणी केली त्याचं नाव त्यावर कोरायचं, आन् त्याच्या घराण्याला यात्रेत पालखीचा पहिला खांदा. कमिटीचे हौसराव पाटील म्हणत्यात, पूजा त्यांच्या पूर्वजानं केली. मी म्हणलं, आमच्या घरातल्या पोथीत एकतिसाव्या पानावर स्वच्छ लिवलंय, बाळू मेंढक्यानं केली. बाळू म्हंजी आपला मूळपुरुष. तर भरल्या बैठकीत हौसराव विचारत्यात, पोथी कवाची, लिवली कुणी? मी बोलून गेलो की हजार वर्षांची हाय, आन् माझी पुतणी कुरकुंभला औषधाच्या कंपनीत तपासणीला हाय, ती लेखी देईल.

आमच्या पोराबरोबर, हनुमंताबरोबर, पोथी पाठवतोय. न्हावरं गावापासनं रस्ता खराब, बिचारा गाडी सावकाश चालवीत येईल. तू शिकलेली, तुझा शब्द चालंल. नीट सांभाळ. लहानपणी तिच्यावर भंडारा सांडला होतास, ते मी विसरलो न्हाई.

आशीर्वाद हायेतच, दोन घास जास्त खात जा.
तुझा,
आप्पा

———

दौंड,
२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आप्पांस प्रतिभाचा सा. न. वि. वि.

पोथी सुखरूप पोचली. हनुमंतदादा चहा न घेताच निघाला, म्हणाला, मानाचं काम आहे, उशीर नको.

आप्पा, मी गोळ्या तपासते, पोथ्या नाही. म्हणून पुण्याला जुन्या पोथ्या सांभाळणाऱ्या एका मॅडमना दाखवली. त्यांनी शेवटचं पान आधी उघडलं. तिथं लिहिणाऱ्यानं शके १८११ घातलं आहे. म्हणजे एकशे पस्तीस वर्षं. हजार नाहीत, पण मॅडम म्हणाल्या, इतकी निगुतीनं राखलेली घरगुती पोथी क्वचित बघायला मिळते.

आता जे लिहिते त्यासाठी चार दिवस पेन हातात धरून बसले होते. एकतिसावं पान बाकीच्यांसारखं नाही. कागद शाळेच्या वहीचा आहे, त्यावर रेघा आहेत. शाई निळी, शब्द सुटेसुटे; बाकी पोथीत काळी शाई आणि सलग अक्षरं. हे पान जुन्या पानावर चिकटवलंय. आणि आप्पा, अक्षर मी ओळखलं. बाबा रेल्वेत असताना आजोबांनी त्यांना पाठवलेली पत्रं आमच्या ट्रंकेत आहेत. तोच लांब शेपटीचा ळ.

बाळूचं नाव आजोबांनी लिहिलंय. मी लेखी काय देऊ? खोटं लिहिता येत नाही, आणि खरं लिहून तुम्हाला गावात मान खाली घालायला लावू?

राग आला तरी पत्र लिहा. काकूंना नमस्कार. माझ्यावरचा लोभ या एका पानापायी उणा करू नका.
तुमची,
प्रतिभा

———

ता. शिरूर,
९ फेब्रुवारी २०२५

प्रतिभास आशीर्वाद.

पोथी माघारी पाठव. देवाच्या कागदाला कुणी भिंग लावतं व्हय? तुला याच्यासाठी शिकवली न्हाई. लेखी काय नको.

आप्पा

———

दौंड,
१५ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आप्पांस सा. न. वि. वि.

पोथी सोबत पाठवली आहे. वर नवं फडकं गुंडाळलंय, जुनं फाटलं होतं.

तुम्ही रागावला ते बरोबरच. पण एक गोष्ट सांगितली नाही तर मला चैन पडणार नाही. चिकटवलेलं पान मी सोडवलं नाही. तो हक्क माझा नाही. फक्त खिडकीशी उन्हात धरलं, तर खालची काळी अक्षरं दिसली. अर्धा तास लागला वाचायला. मूळ लिहिणाऱ्यानं तिथं असं लिहिलंय:

पहिली पूजा केली कोणी ।
पुसिले वृद्धांलागोनी ।
एक न मिळे वाणी ।
म्हणोनि नाम न लिहिले ॥

म्हणजे त्यानं गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं. प्रत्येकानं वेगळं सांगितलं. म्हणून त्यानं कुणाचंच नाव घातलं नाही. पाटलांचं नाही, आपलंही नाही.

आमच्या लॅबमध्ये जो आकडा दिसत नाही, तो अंदाजानं लिहायची छाती भले भले करतात. या माणसानं कंदिलाशी बसून एवढी पोथी लिहिली आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणाला. आप्पा, माझा त्या दिवसापासून पोथीवरचा विश्वास वाढला. बाकीच्या पानांवर त्यानं जे ठामपणे लिहिलंय, तेही विचारूनच लिहिलं असेल असं वाटायला लागलं.

तुम्ही ठरवाल ते. मी कुणाला काही बोलणार नाही. दोन ओळींचं का होईना, उत्तर येऊ द्या.
तुमचीच,
प्रतिभा

———

ता. शिरूर,
४ मार्च २०२५

चि. प्रतिभास अनेक उत्तम आशीर्वाद.

मागचं पत्र फाडून टाक. म्हाताऱ्यानं तापात लिहिलं असं समज.

तुझं पत्र मी काकूला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. हात न थांबवता, मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “पान चिकटवायची खळ मीच शिजवली व्हती. पोरीनं बरोबर बघितलंय.”

व्हय, मला ठाऊक होतं. माझं नवीनच लगीन झालं होतं. आम्ही मेंढरं इकून नुकतीच शेती धरलेली. त्या यात्रेत वडलांनी पालखीला हात लावला, तर मानकऱ्यांनी तो काढून टाकला. फिरस्त्यांचा कसला मान, म्हणाले. वडील घरी आले आन् पाच दिवस उंबऱ्याबाहेर पडले न्हाईत. सहाव्या दिवशी वहीचं पान फाडून लिवाय बसले. पुढं गावानं सांगितलं की असं काय घडलंच न्हाई, धनगराचा म्हातारा उगा रुसला. आमच्याकडं पुराव्याचा कागद न्हवता. म्हणून त्यांनी कागद केला.

खोटं ते खोटंच. पण त्यांना लबाड म्हणाय माझी जीभ वळत न्हाई. तुला पाठवताना वाटलं, दिसायचं न्हाई पोरीला. दिसलं, तर ती झाकंल. दोन्ही चुकलं.

रविवारी बैठक हाय. मी वाचणार हाय, त्याच चार ओळी. हनुमंता नको म्हणतो. म्हणतो, हातचा मान घालवताय. तू काळजी करू नको.

माया हाय तशी राहू दे.
आप्पा

———

ता. शिरूर,
१२ मार्च २०२५

चि. प्रतिभास आप्पांचे आणि काकूचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या उत्तराची वाट बघितली न्हाई, लिवायला बसलो.

काकूनं ओल्या फडक्यानं ते पान अलगद सोडवलं. खालचं पान शाबूत निघालं. बैठकीत मी उभा राहून चार ओळी वाचल्या, मग वरचं पान दाखवलं आन् सांगितलं की हे माझ्या वडलांचं अक्षर, आन् का लिवलं तेबी सांगितलं. हनुमंता उठून गेला.

हौसरावांनी पोथी मागून घेतली. दोन्ही पानं शेजारी धरून बघितली. मला वाटलं, आता हा माणूस हसणार. तर ते कानाशी येऊन म्हणाले, “चांगदेवराव, माझ्याकडं तर असलाबी कागद न्हाई. घरात सांगत आले म्हणून मी सांगत आलो.” दगडावर आता त्याच चार ओळी कोरायच्या ठरल्या. पालखीच्या पहिल्या खांद्यासाठी गावातल्या सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. काहींनी कुरकूर केली, पाटलांच्या भावकीनं जास्त. पण ठरलं.

हनुमंता दोन दिवस जेवला न्हाई नीट. काल म्हणाला, निदान दगडावर ऱ्हस्व-दीर्घ तरी बघून घ्या. म्हंजी येईल तो ताळ्यावर.

आता खरी गोष्ट. कालच दुपारी हौसरावांच्या आई, सोजराबाई, घरी आल्या. नव्वदीला टेकल्यात, दोघींनी धरून आणलं. काकूनं वाकळ अंथरली. माझ्या कानाशी बसल्या आन् म्हणाल्या, बैठकीतलं सुनेनं सांगितलं, तवापासनं झोप न्हाई. मग म्हणाल्या, “तुमच्या वडलांचा हात दांडीवरनं माझ्या सासऱ्यांनी काढला. मी आरतीचं ताट घेऊन तिथंच उभी होते. मला कुणी विचारलं न्हाई, आन् मीबी सांगितलं न्हाई.”

पंचावन वर्षं गाव म्हणत होतं की घडलंच न्हाई. मला रडू आलं, लाजत न्हाई सांगाय. काकूनं वही आणून दिली. मी त्या बोलतील तसं लिवलं. कोण कुठं उभं होतं, कोण काय बोललं. मधी त्या दोनदा थांबल्या, म्हणाल्या हे नीट आठवत न्हाई. तिथं मी लिवलं, आठवत न्हाई.

मग त्यांनी पेन मागितलं. चौथीपर्यंत शिकल्यात म्हणं. खाली सही केली. अक्षरं वाकडी हायेत, पण नाव वाचाय येतं.

वही तुझ्या नजरंखालनं घालायची हाय. सवडीनं ये, आन् आम्हा दोघांवर अशीच खरी माया करत जा.
तुझा,
आप्पा